अण्णांच्या गाडीचे पाच भाव

११ फेब्रुवारी २०२५ ला अण्णा, माझे वडील, गेले. सांगलीत त्यांच्या बेदाण्याच्या धंद्याचा हंगाम तोंडावर आला होता, शेडवरून फोन सुरू झाले होते. तेराव्याला आलेले पाहुणे पांगले आणि रात्री भाऊ म्हणाला, "ताई, गाडीचं काय करायचं?" मला वाटलं, सगळ्यात सोपा प्रश्न हाच. घर आहे, कोल्ड स्टोरेजमधला हिस्सा आहे, ठेवी आहेत, त्यांना वेळ लागणारच. गाडीचं काय, विकली की मोकळं.

ठेवी मे महिन्यात मार्गी लागल्या. गाडीला नोव्हेंबर उजाडला.

या नऊ महिन्यांत मला बऱ्याच गोष्टी आधी कुणीतरी सांगायला हव्या होत्या असं वाटलं, म्हणून हे लिहितेय. मी शाळेत शिकवते, गाडीतलं मला फारसं कळत नाही. स्वतः चालवते ती साधी हॅचबॅक. तेव्हा इंजिनाबद्दल काही शिकायला मिळेल या आशेनं वाचू नका.

गाडी मर्सिडीजची, जीएलई ३०० डी. डिझेल. ही पिढी भारतात जानेवारी २०२० मध्ये आली आणि तिची जुळणी पुण्याजवळ चाकणला होते. अण्णांनी ती डिसेंबर २०२० मध्ये घेतली. तोवर आयुष्यभर ते बोलेरो आणि मग इनोव्हा वापरत होते. कोरोनाच्या वर्षी सगळे हात आखडून बसलेले असताना त्यांनी ही कशी घेतली हे आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. आई तर चार दिवस बोलली नाही. भाऊ मात्र खूश.

कपाटातली फाइल काढली तेव्हा खरेदीचा सगळा हिशेब सापडला. अण्णा कागद टाकत नसत. एक्स-शोरूम ७६ लाख. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर: २० लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला १५ टक्के, म्हणजे ११ लाख ४० हजार. पहिल्या वर्षाचा विमा, वाढीव वॉरंटी, बारीकसारीक धरून रस्त्यावर यायला ९१ लाख. पावतीत ७६ हजार टीसीएस म्हणूनही होते. भावानं तेही किमतीत धरले होते, सीएंनी ते खोडले. १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, पण तो आपल्याच नावावर आयकर खात्यात जमा होतो आणि त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. तो खर्च नव्हे.

सीएंचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "गाडी धंद्याच्या पुस्तकात आहे का?" म्हणजे अण्णांनी पेढीच्या खात्यात ती दाखवून दरवर्षी घसारा घेतला होता का. तसा घेतला असता तर आयकर आणि जीएसटी दोन्हीचा हिशेब वेगळा झाला असता. सुदैवानं गाडी निव्वळ खासगी होती. स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्नच नाही. "आणि इथं नफा कुठला व्हायला बसलाय," असंही ते म्हणाले. ही चौकशी आधी करून घ्या, नंतर किमतीच्या गप्पा मारा.

आता कागदांचं. मालक गेला की ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. कळवलं तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने वारसाला गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून ती नावावर करून घ्यायची असते. मला हे ५ मार्चला कळलं, तेही शाळेतल्या एका सहकाऱ्यामुळे. ७ तारखेला भावानं पत्र आणि मृत्यूचा दाखला नेऊन दिला आणि पोच घेतली. विम्याचंही तसंच. विमेदार गेला म्हणून पॉलिसी लगेच रद्द होत नाही. तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्यात ती वारसाच्या नावावर करायला हवी. आमची पॉलिसी डिसेंबरपर्यंत होती. मी समजत होते, डिसेंबरपर्यंत निर्धास्त. तसं नव्हतं.

विकायचीच आहे तर मध्ये आईच्या नावावर कशाला, थेट घेणाऱ्याच्या नावावर करू, असंही आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. आधी वारसाच्या नावावर, मग गिऱ्हाइकाच्या. हे दोन वेगळे अर्ज, वेगळं शुल्क. वारस तिघं: आई, मी, भाऊ. गाडी आईच्या नावावर करायची ठरलं, म्हणून मी आणि भावानं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. शंभराच्या स्टॅम्पचे दिवस गेले, आता पाचशेचा. नोटरी वेगळी. त्यासाठी मी पुण्याहून एक दिवस रजा टाकून गेले.

१६ एप्रिलला अर्ज घेऊन आम्ही खिडकीवर. ऑनलाइन करायला गेलो तर पद्धत अशी की विकणाऱ्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार. अण्णांचा मोबाइल आईच्या कपाटात होता, चार्ज करून ठेवलेला. पण गेलेल्या माणसाच्या ओटीपीवर मालकी बदलायची नसते, एवढं आम्हालाही कळत होतं. म्हणून प्रत्यक्ष गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद पाहिले, आरसी पाहिली आणि म्हणाल्या, "यावर बँकेचा बोजा आहे की हो अजून."

कर्ज मार्च २०२४ मध्येच फिटलं होतं. बँकेनं दिलेलं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ फाइलमध्ये व्यवस्थित लावलेले होते. अण्णांनी ते आरटीओत नेऊन बोजा उतरवलाच नव्हता. आणि त्या पत्राची मुदत असते तीन महिने. आमचं पत्र वर्षापूर्वीचं.

पुढचे पाच आठवडे नवं पत्र मिळवण्यात गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. शाखा म्हणे, कर्जाचं काम आमच्याकडे नसतं, पुण्याच्या कार्यालयात जा. पुण्याचं कार्यालय म्हणे, खातेदारानं स्वतः अर्ज करावा. खातेदार वारले आहेत म्हटल्यावर म्हणे, मग वारसांचे कागद शाखेत द्या. या फेऱ्यांत मला एकच उपाय लागू पडला: प्रत्येक वेळी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागायची. तिसऱ्या शिक्क्यानंतर काम हललं. २२ मे ला पत्र हातात आलं, २६ ला फॉर्म ३५ आणि ३१ एकत्र दिले. तीन महिन्यांची मुदत उलटून गेली होती, उशिराचं शुल्क भरलं. सगळ्या सरकारी पावत्या मिळून काही फार झाले नाहीत. एजंटनं कागद लावून द्यायचे तीन हजार घेतले आणि त्यानं ते खरंच नीट लावले. १९ जूनला टपालानं नवी आरसी आली. त्यावर आईचं नाव. आईनं चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि देवासमोर ठेवली. तिला गाडी चालवता येत नाही.

ज्यांच्या घरी कुणाचं वाहनकर्ज नुकतंच फिटलंय त्यांनी हे वाचून झाल्यावर आरसी काढून बघा. आणि २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवायची सोय आहे, तीही करून ठेवा. अण्णांनी केली असती तर माझ्या निदान दोन रजा वाचल्या असत्या.

आता किमतीकडे येते.

पहिला आकडा आमच्या घरातच होता: विम्याच्या पॉलिसीवरची आयडीव्ही, ४३ लाख. भाऊ म्हणाला, "हीच किंमत. कंपनीनंच लिहून दिलीय." आयडीव्ही कशी काढतात ते मी नंतर समजून घेतलं. ठरलेलं कोष्टक आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर दोघांच्या संमतीनं. हे टक्के अण्णांनी दिलेल्या ७६ लाखांवर नव्हे, तर त्या मॉडेलच्या चालू यादीतल्या किमतीवर. म्हणून निम्मे होऊनही आकडा ३८ च्या वर राहिला. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, एवढंच तो सांगतो. गाडी २० हजार किलोमीटर फिरली की दोन लाख, हे त्या कोष्टकाला माहीतच नसतं.

दुसरा आकडा जुन्या गाड्या घेणाऱ्या ॲपचा. जूनच्या शेवटी मी नंबर टाकला, किलोमीटर टाकले, आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर ५० ते ५४ लाख. मी भावाला स्क्रीनशॉट पाठवला. आईला सांगितलं. हे करायला नको होतं. आठवड्यानं दोन मुलं तपासणीला आली, अडीच तास बसली. एकाच्या हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. मूळ रंगाला साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतात, पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर आकडा वाढतो. डाव्या मागच्या दारावर २४० आले. मला आठवलं, बेदाण्याच्या टेम्पोनं घासलं होतं. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचे चारही २०२० चे, म्हणजे गाडीबरोबर आलेले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर पाच वर्षांचं. चार टायरचे दीड लाख त्यांनी तिथंच वजा केले. शेवटी आकडा आला ४४ लाख ६० हजार. आईच्या मनात मात्र ५४ बसले होते ते बसलेच. पुढचे पाच महिने ती प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची, "अहो, मोबाइलमध्ये चोपन्न दाखवत होतं."

तिसरा आकडा शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या विभागाचा. त्यांच्याकडे प्रत्येक सर्व्हिसची नोंद आहेच, त्यामुळे प्रश्न कमी. ४७ लाख, आकडा सात दिवस वैध. ते घेणार, डागडुजी करून वॉरंटीसह विकणार, त्यात त्यांचा नफा आणि त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी. घरगुती विक्रीत जीएसटी नाही. म्हणजे थेट गिऱ्हाईक मिळालं तर मधला फरक दोघांत वाटून घेता येतो, हे भावाला पटलं आणि मलाही. ७ जुलै ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी आम्ही ४७ ला नाही म्हणालो.

चौथा एका दलालाचा. सांगलीतलाच, अण्णांच्या ओळखीचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून सीटखालच्या गालिच्यात हात घातला, बोटं नाकाला लावली आणि विचारलं, "म्याडम, पुरातली न्हाई न्हवं?"

हा प्रश्न एमएच-१० च्या, म्हणजे सांगलीच्या गाडीला चुकत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. ती गाडी घ्यायच्या आधीची गोष्ट. पण जुलै २०२१ ला परत पूर आला तेव्हा ही गाडी सात महिन्यांची होती आणि आमचं घर गावभागात. पाण्यात गेलेली गाडी धुऊन पुसून नवी दिसते, त्रास वर्षभरानं सुरू होतो, वायरिंगमधून. त्यामुळे घेणारा गाडी कोरडी आहे हे मानायलाच तयार नसतो. दलाल म्हणाला, "कागद दावा, शेचाळीस. न्हाईतर चाळीस."

कागद म्हणजे काय दाखवायचं? न झालेल्या गोष्टीचा कागद कुठून आणायचा? मी विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मागवला, त्यात २०२१ ला काही नाही. शोरूमकडून सर्व्हिसची यादी घेतली, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात गाडी तिकडे गेलेलीच नाही. तरी दलालाचं समाधान होईना. मग आईला आठवलं. कोयनेतून पाणी सोडणार अशी बातमी आली त्या दिवशी अण्णांनी आधी गाडी मिरजेला मावशीच्या दारात नेऊन लावली आणि मग परत येऊन घरातलं सामान माडीवर चढवलं. यावरून आई त्यांच्याशी भांडली होती, की बायकोच्या आधी गाडी हलवली. मावसभावाच्या फोनमध्ये फोटो निघाला: २३ जुलै २०२१, मावशीचं फाटक, पावसात उभी गाडी, नंबर स्पष्ट. हा फोटो मी छापून फाइलमध्ये लावला. या एका कागदानं सहा लाख वाचवले म्हणायला हरकत नाही. तुमची गाडी सांगली-कोल्हापूरची असेल आणि पुरात सुरक्षित राहिली असेल तर तारखेसह फोटो जपून ठेवा.

त्याच दलालानं दिल्लीच्या गाड्यांचंही सांगितलं. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचं सावट असल्यानं तिथली अशीच गाडी पाच-सात लाखांनी स्वस्त मिळत होती. हा मुद्दा प्रत्येक गिऱ्हाइकानं आमच्यापुढे टाकला. उत्तर सोपं होतं, पण मला ते उशिरा सुचलं: तिकडून आणायची तर एनओसी काढा, इथला रस्ता कर नव्यानं भरा. अण्णांनी भरलेले ११ लाख ४० हजार या गाडीच्या अंगात अजून काही प्रमाणात शिल्लक आहेत. ते किमतीत मोजायला हवेत.

पाचवा आकडा परवानाधारक सर्व्हेअरचा. वाटणीसाठी लागेल म्हणून मी मुद्दाम मूल्यांकन करून घेतलं. पाच हजार फी, चार पानी अहवाल, ४८ लाख ५० हजार. सगळ्यात नेटका आणि सगळ्यात निरुपयोगी. कारण त्या आकड्याला विकत घ्यायला कुणीच उभं नव्हतं.

खरं तर आणखी एक आकडा होता, पण तो बाजारातला नव्हता. जुलैच्या मध्यावर भाऊ म्हणाला, मीच ठेवतो, ४० धरा, तुझा आणि आईचा हिस्सा दोन वर्षांत देतो. आम्ही जेवत होतो. मी म्हटलं, ४७ आलेले असताना ४० का? त्यावर तो जे बोलला ते मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. "ताई, तू तिला गाडी म्हणून मोजतीयास. सौद्याला अण्णा या गाडीतनं उतरायचे तेव्हा शेतकरी उधारीवर माल द्यायला मागंपुढं बघत नव्हता. आता अण्णा न्हाईत. निदान गाडी तरी असू दे."

बेदाण्याचा धंदा बराचसा शब्दावर चालतो. दोन वाईट हंगामांनंतर अण्णांनी गाडी का घेतली असेल याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. कोरोनाच्या वर्षी बाजारात कुजबुज होती की यांचं बसलं. डिसेंबरात दारात ९१ लाखांची गाडी उभी राहिल्यावर ती थांबली. आता ही पत सर्व्हेअर कुठल्या रकान्यात लिहिणार?

मी हो म्हटलं. ४० ला. आईही हो म्हणाली. मग भावानं स्वतःच बसून वर्षाचा खर्च मांडला. विमा १ लाख १० हजार, सर्व्हिस ६० हजार, टायर दीड लाख, वॉरंटी संपलेली. वर आम्हाला द्यायच्या पैशांचं व्याज. कागद खिशात घालून तो दोन आठवडे काही बोलला नाही.

आणि मग उंदीर.

ऑगस्टमध्ये गाडी गोडाऊनच्या शेडमध्ये उभी होती. बेदाण्याचं गोडाऊन, उंदरांचं माहेर. आधी बॅटरी उतरली, ती चार्ज केली तर डॅशबोर्डवर दिव्यांची रांग. टोइंग करून नेली. इंजिनाजवळच्या वायरी कुरतडलेल्या, जोडीला बराच काळ उभी राहिल्यानं डिझेलच्या धुराची गाळणी, ज्याला डीपीएफ म्हणतात, तीही साफ करावी लागेल म्हणाले. १ लाख ८५ हजार. विम्याचा दावा करायचा तर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि वारसाकडे म्हणजे आईकडे तो आला होता. पण आई काही नवी गाडी घेणार नव्हती. दावा केला, १ लाख ३१ हजार मिळाले, बाकी खिशातून. शिवाय दाव्यांच्या कोऱ्या इतिहासावर एक ओळ उमटली ती उमटलीच. लांब उभी राहणार असेल तर अशी गाडी दर आठवड्याला हमरस्त्यावर निदान अर्धा तास पळवा, नुसती जागेवर सुरू करून उपयोग नाही. हे मेकॅनिकनं सांगितलं, बिल दिल्यावर.

भावानं खिशातला कागद परत दिला. "ईक," एवढंच म्हणाला.

पण बाजार तोवर फिरला होता. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि फोन येणं बंद झालं. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं ठरवलं, २२ सप्टेंबर, घटस्थापनेपासून लागू. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० होता, तो सरसकट ४० झाला. शंभराची गाडी दीडशेऐवजी एकशेचाळीसला, म्हणजे जवळजवळ पावणेसात टक्के उतरली. नवी उतरली की जुनी तिच्या मागोमाग उतरते. ऑक्टोबरमध्ये त्याच शोरूममध्ये गेले. तोच टेबल, तोच मुलगा, आकडा ४२ लाख ५० हजार. मी जुलैचा कागद दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, सात दिवस लिहिलंय ना."

दिवाळीनंतर मिरजेच्या एका डॉक्टरांचा फोन आला, दलालाकडूनच. त्यांनी स्वतःचा मेकॅनिक आणला, दार, टायर, वायरिंग सगळं बघितलं. पुराचा फोटो पाहून म्हणाले, हे फाटक मला माहीत आहे, त्याच गल्लीत माझा दवाखाना होता. ४४ वर ठरलं. त्यांना १० लाख रोख द्यायचे होते. सीएंनी आधीच बजावलं होतं: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, तेवढ्याच रकमेचा. नाही म्हटल्यावर डॉक्टर जरा नाराज झाले, पण दोन दिवसांनी पूर्ण रक्कम आरटीजीएसनं द्यायला तयार झाले.

१४ नोव्हेंबरला पैसे आईच्या खात्यात दिसले, त्यानंतरच आईनं मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून डॉक्टरांची सही घेतली, त्यांच्या ओळखपत्राची प्रत घेतली. संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटं. त्या मिनिटानंतर सिग्नल तोडला तर तो त्यांचा. दलालानं आमच्याकडून ४० हजार घेतले. विमा कंपनीला मेल केला. आरटीओचा मालकी बदल ऑनलाइन झाला, या खेपेला ओटीपी आईच्या फोनवर आला. ९ डिसेंबरला नोंद बदललेली दिसली, त्याचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये लावला आणि फाइल बांधली.

रात्री मी उगाच हिशेब केला. ९१ मधून ४४ गेले, राहिले ४७ लाख. गाडी ५९ महिने होती: महिन्याला ८० हजारांच्या आसपास. फिरली ४१ हजार ३०० किलोमीटर: किलोमीटरला ११४ रुपये. यात डिझेल नाही, विमा नाही, सर्व्हिस नाही. आकडा भावाला दाखवला. तो म्हणाला, "आन् उधारीवर मिळालेला माल? तो कुठं धरलायस?" तो मी धरलेला नाही. धरता येत असेल तर कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

थेट शोरूमला ७ जुलैला दिली असती तर तीन लाख जास्त आले असते, दलाली आणि उंदीर दोन्ही वाचले असते. वाट बघायची ती कशासाठी, हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. फास्टॅग. काचेवरचा तसाच गेला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो अण्णांच्या नंबरला जोडलेला आणि त्यांचा मोबाइल अजून आईच्या कपाटात, ती तो आठवड्यातून एकदा चार्ज करते. १६ डिसेंबरला सकाळी तो वाजला. आईनं मला फोन करून मेसेज अक्षर लावून वाचून दाखवला: तासवडे टोलनाका, अमुक रुपये वजा.

"पुण्याकडं निघालेत वाटतं," ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी फास्टॅग बंद करायचा अर्ज केला. त्यात ६४० रुपये शिल्लक होते, ते अजून यायचे आहेत.